ठेका थोडा संथ करू या : डाऊन सिंड्रोम असलेली लेकरं आणि नाच



चौदा एप्रिलची मिरवणूक वस्तीतून निघते तेव्हा लेकरं पायात चप्पल अडकवायलाही थांबत नाहीत. सगळी गाडीपुढे. पण वस्तीतली एखादी आई नेमकी त्याच वेळी दाराला आतून कडी लावते. तिचं लेकरू आत खिडकीचे गज धरून त्याच ठेक्यावर डुलत असतं. गाणं त्याला तोंडपाठ असतं. तरी त्याला बाहेर सोडत नाहीत, कारण मागच्या वर्षी पोरं हसली होती, कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करून ते चार जणांना पाठवलं होतं.

नगर शहरातल्या एका वस्तीत अशाच एका नऊ वर्षांच्या मुलीच्या घरी आम्ही गेलो. आम्ही म्हणजे वॉर्डातली नोकरी सोडून आलेली एक नर्स, अंगणवाडीच्या दोन ताई आणि ढोलकी वाजवणारे एक काका. तिला डाऊन सिंड्रोम आहे. आईशी बोलणं झालं, चहा झाला, आणि उठताना आईने हळूच विचारलं, "ताई, हिला नाचू दिलं तर काही होणार नाही ना? हिचं अंग फार ढिलं आहे."

प्रश्न अगदी बरोबर होता. अशी भीती बऱ्याच घरांत असते, पण ती विचारायला जागा नसते. म्हणून या महिन्याचं आरोग्याचं पान त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी. थोडक्यात उत्तर असं : नाचू द्या, जरूर नाचू द्या. मात्र आधी काही गोष्टी तपासून घ्या, आणि नाच लेकराच्या मापाचा करा.

डाऊन सिंड्रोम म्हणजे नेमकं काय?

आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रं. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळात २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. एकूण ४७ होतात. एवढ्या एका फरकामुळे चेहऱ्याची ठेवण, स्नायूंची ताकद, शिकण्याचा वेग, या सगळ्यावर परिणाम होतो. साधारण हजार जन्मांमागे असं एक बाळ जन्माला येतं. श्रीमंताच्या घरी येतं, गरिबाच्या घरी येतं, सगळ्या जाती-धर्मांत आणि सगळ्या देशांत येतं.

इंग्लंडमधले डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली या मुलांचं वर्णन लिहिलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. खरं कारण सापडायला आणखी ९३ वर्षं लागली. १९५९ साली फ्रान्समध्ये झेरोम लेज्यून आणि मार्थ गोतिए यांच्या कामातून ते जादा गुणसूत्र समोर आलं. २१ क्रमांकाची तीन गुणसूत्रं, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख, म्हणजे २१ मार्च, हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन. संयुक्त राष्ट्रसंघ २०१२ पासून तो पाळतो.

बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या आपल्या घरांतही अजून कानावर येतं की ग्रहणात भाजी चिरली, कुणाची नजर लागली, मागच्या जन्माचं फळ आहे. यातलं काहीही खरं नाही. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं, पण तरुण आयांनाही अशी बाळं होतात. काही वेळा ते जादा गुणसूत्र वडिलांकडूनही आलेलं असतं. सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. रक्ताची कॅरिओटाइप नावाची तपासणी केली की प्रकार कोणता ते कळतं. पुढचं मूल होऊ द्यायचं असेल तर ही तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अंग ढिलं का असतं?

या मुलांच्या स्नायूंना जन्मापासून ताण कमी असतो. सांधे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याही सैल असतात. म्हणून बाळ उचललं की हातातून निसटल्यासारखं वाटतं, मान उशिरा धरतं, आणि चालायला बहुतेकदा दोन वर्षांच्या आसपास, काही वेळा त्याहून उशिरा लागतं. पाऊल सपाट असतं. तोल राहावा म्हणून मूल पाय फाकवून चालतं. बसताना दोन्ही पाय बाजूला मागे मुडपून बसतं, कारण त्याला तसं सोपं जातं. जीभ बाहेर येते त्यामागेही तोंडाच्या स्नायूंचा सैलपणा हे एक कारण आहे.

घरचे म्हणतात, "जाऊ दे, त्याला त्रास नको," आणि लेकरू दिवसभर टीव्हीपुढे बसून राहतं. त्यातून नुकसान होतं. ढिले स्नायू न वापरल्याने आणखी ढिले पडतात आणि वजन वाढतं. या मुलांचं वजन तसंही लवकर वाढतं. वाढलेलं वजन सपाट पावलांवर आणि सैल गुडघ्यांवर येतं, मग चालायचाही कंटाळा येतो.

नाचच का?

व्यायामशाळेतला व्यायाम सांगितला तर ही मुलं दोन मिनिटांत बसतात. ढोलकी वाजली की तीच मुलं वीस मिनिटं उभी राहतात. यामागे कारण आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना ऐकलेलं लक्षात ठेवायला जड जातं, पण पाहिलेलं चांगलं लक्षात राहतं. दुसऱ्याचं पाहून तसंच करण्यात ती हुशार असतात. नाच असाच शिकतात, समोरच्याचं पाहून. त्याला शब्द फार लागत नाहीत.

एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणं हा तोलाचा व्यायाम आहे. हात डोक्यावर नेणं हा खांद्याचा आणि पाठीचा. बसून उठणं हा मांड्यांचा. गाण्याबरोबर ओळीचा शेवटचा शब्द ओरडणं हा श्वासाचा आणि बोलण्याचा. वेगवेगळ्या देशांत झालेल्या छोट्या अभ्यासांत असं दिसलं आहे की नियमित नाचामुळे या मुलांचा तोल आणि हालचाल सुधारते. आमच्याकडच्या मुलांतही आम्ही ते पाहतो. जिना चढताना भिंत धरणारं मूल काही महिन्यांनी हात सोडून चढतं.

नाचाने गुणसूत्र बदलत नाही. डाऊन सिंड्रोम "बरा" होत नाही. बरा करतो म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

नाचाआधीच्या तपासण्या

हृदय : डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. म्हणून प्रत्येक बाळाची एकदा तरी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, व्हायलाच हवी. मूल वरून चांगलं दिसतं म्हणून ती टाळू नका. दोष निघाला तरी नाच कायमचा बंद होतो असं नाही. किती दमवायचं हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांचं उत्तर कागदावर लिहून घ्या. नाचताना ओठ किंवा नखं निळी पडली, छाती भात्यासारखी हलायला लागली, तर लगेच थांबवून डॉक्टरांकडे न्या.

थायरॉइड : या मुलांत थायरॉइड कमी पडण्याचं प्रमाण जास्त आहे. मूल सुस्त होतं, वजन वाढतं, बद्धकोष्ठ होतो, आणि आपण म्हणतो "आळशी झालं." जन्मल्यावर, पहिल्या वर्षात पुन्हा, आणि मग दर वर्षी रक्त तपासा. गोळी स्वस्त असते आणि गुण येतो.

कान आणि डोळे : कानाच्या पडद्यामागे पाणी साचून बऱ्याच मुलांना कमी ऐकू येतं. ठेका चुकतो तेव्हा आधी कान तपासा. नजरेचा नंबरही या मुलांना बऱ्याचदा असतो. दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा करा.

मान : हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आमची स्वतःची चूक झाली आहे.

मानेच्या बाबतीत आम्ही काय शिकलो

मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके एकमेकांवर फिरतात, म्हणून आपल्याला मान वळवता येते. त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या या मुलांत सैल असतात. काही मुलांत ते मणके गरजेपेक्षा जास्त सरकतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. थोड्या मुलांत मात्र सरकलेला मणका मज्जारज्जूवर, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या मुख्य दोरीवर, दाब देतो. तेव्हा वेळ घालवून चालत नाही.

राहुरीकडचा अकरा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे यायचा. पहिले पाच महिने तो सगळ्यांत पुढे नाचायचा. मग मध्येच खाली बसायला लागला. हात धरून उठवलं तर रडायचा. मान किंचित एका बाजूला ठेवायचा. आम्हाला वाटलं, हट्ट करतोय. दोन रविवार आम्ही त्याला लाडीगोडी लावून उभं केलं. तिसऱ्या रविवारी त्याची आजी सहज बोलून गेली की पोरगं परत चड्डीत लघवी करायला लागलंय, आणि शर्टाची बटणं आता त्याला लावता येत नाहीत. ते ऐकलं आणि आमच्यातल्या नर्सच्या अंगावर काटा आला. ही मानेची लक्षणं होती आणि ती आमच्या डोळ्यांसमोर होती. त्याच दिवशी नाच थांबवला, मान हलणार नाही अशा बेताने त्याला दवाखान्यात नेलं. पुढे पुण्यात एमआरआय झाला आणि शस्त्रक्रिया झाली. तो सुधारला. पण ते दोन रविवार आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून ही लक्षणं कापून भिंतीला लावा :

- मान दुखणं, मान वाकडी धरणं, मान वळवायला नकार देणं
- चाल बदलणं, नव्याने पडायला किंवा लंगडायला लागणं
- हाताची पकड कमी होणं, आधी जमणारं काम न जमणं
- सुटलेली सवय परत येणं : लघवी-संडासवर ताबा न राहणं
- हातपाय ताठ होणं किंवा गळून जाणं

यातलं एकही दिसलं तर नाच, मालिश, खेळ सगळं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. पूर्वी अशा सगळ्याच मुलांच्या मानेचा एक्स-रे काढत. आता बालरोगतज्ज्ञ लक्षणं नसलेल्या मुलाचा सरसकट एक्स-रे काढायला सांगत नाहीत, कारण एका एक्स-रेवरून पुढचं सांगता येत नाही. आज एक्स-रे चांगला आला म्हणून उद्या त्रास होणारच नाही असं नसतं. त्यामुळे रोज लेकराकडे पाहणारी आई आणि आजी यांची नजर फार मोलाची.

लक्षणं नसली तरी काही गोष्टी आमच्या वर्गात पूर्ण बंद आहेत : कोलांटी उडी, डोक्यावर उभं राहणं, मान गरगर फिरवणं, मानेला झटका देणारी नाचाची चाल, उंचावरून उडी आणि जाळीवरच्या उड्या. लहान बाळाला हवेत उडवून झेलू नका. मिरवणुकीत या लेकराला खांद्यावर बसवून नाचू नका. दहीहंडीच्या थरात तर अजिबात नको. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना डाऊन सिंड्रोम आहे हे आधी सांगा, म्हणजे ते मान सांभाळून घेतील.

नाच लेकराच्या मापाचा कसा करायचा?

गाणं तेच ठेवा, ठेका संथ करा. आमचे काका नेहमीच्या भीमगीताचा ठेका जवळजवळ निम्म्यावर आणतात. मोबाईलपेक्षा ढोलकी किंवा डिमडी बरी. काहीच नसेल तर पत्र्याचा डबा चालतो.

एका गाण्याला एकच चाल. पहिले दोन आठवडे फक्त टाळी आणि पाय. ते बसलं की हात. सगळं एकदम शिकवलं तर मूल गोंधळून खाली बसतं. गाण्यांचा क्रम दर वेळी तोच ठेवा. पुढे काय येणार हे कळलं की त्याला धीर येतो.

सांगू नका, दाखवा. त्याच्या समोर उभे राहा आणि आरशासारखं करा, म्हणजे त्याचा उजवा हात तर तुमचा डावा. करून दाखवल्यावर मनात दहापर्यंत मोजा. या मुलांना पाहिलेलं समजून अंगात उतरवायला वेळ लागतो. आपण घाईने दुसऱ्यांदा सांगतो, आणि तिथेच त्याची सुरुवात मोडते.

जमिनीवर खडूने पावलं काढा. डावं एका रंगाचं, उजवं दुसऱ्या रंगाचं. शहाबादी फरशी ओली असेल तर आधी पुसून घ्या. सतरंजी सरकते, ती नको. डॉक्टरांनी बूट दिले असतील तर बूट घालूनच नाचू द्या.

मनगट धरून ओढू नका. सैल सांधा निसटतो. आपला तळहात पुढे करा, त्याला धरू द्या. मुली मोठ्या झाल्या की हात लावण्याआधी विचारा, "धरू का?" नको म्हटलं तर लावू नका. आपल्या अंगाला कुणी हात लावायचा हे आपण ठरवायचं, हेही लेकरू यातून शिकतं, आणि पुढे त्याला त्याची फार गरज पडते.

लेझीम जड पडते. त्याऐवजी ओढणी द्या, किंवा अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटलीत मूठभर ज्वारी घालून झाकण चिकटपट्टीने पक्कं करा. वाजतेही आणि हातातही बसते.

आवाज बेताचा ठेवा. डीजेच्या भिंतीपुढे ही मुलं कान दाबून पळतात. आधीच अशक्त कान, त्यात तो दणका. मिरवणुकीत त्यांना गाडीपासून लांब ठेवा.

आमचा चाळीस मिनिटांचा वर्ग

रविवारी सकाळी ऊन व्हायच्या आत आम्ही जमतो. पहिली पाच मिनिटं गोलात बसून प्रत्येकाच्या नावाची टाळी. ज्याला बोलता येत नाही तो छातीवर हात ठेवून आपलं नाव "सांगतो". मग दहा मिनिटं बसूनच हात, खांदे, पावलं. पाय मागे मुडपून बसलेल्यांना मांडी घालायला लावतो. मग पंधरा मिनिटं उभ्याने नाच, मध्ये दोनदा पाणी. त्यानंतर पाच मिनिटं जोडीने : भाऊ-बहीण, शेजारची पोरं, ज्याला यायचं तो. शेवटची पाच मिनिटं पोटावर हात ठेवून शांत बसायचं आणि श्वास आत-बाहेर होतो तो पाहायचा. धम्मवर्गात आनापान शिकलेली मोठी मुलं हे छान घेतात.

मध्येच काका ढोलकी थांबवतात, आणि ज्याने-त्याने आहे तिथे पुतळा व्हायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो. आम्हाला तो आणखी एका कारणाने आवडतो. "थांब" म्हटल्यावर थांबायची सवय लागली की रस्त्यावर जीव वाचतो.

प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठं माणूस हवं. चार मुलं असतील तर दोन आया पुरतात. खर्च शून्य.

विहारात नाच चालतो का?

पहिल्यांदा जागा मागितली तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली. अष्टशीलातल्या सातव्या शीलात नाच-गाणं वर्ज्य आहे, मग विहारात नाच कसा, असा त्यांचा सवाल. त्यांचं म्हणणं आम्ही उडवून लावलं नाही. अष्टशील उपोसथाच्या दिवशी घेतलं जातं, रोज घेतो ते पंचशील. म्हणून ठरलं असं : पौर्णिमेला आणि उपोसथाला वर्ग बंद, इतर रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात वर्ग. आता तेच बाबा सकाळी अंगण झाडून ठेवतात. तुमच्या गावात हरकत आली तर भांडू नका, बसून बोला. समाजमंदिर, अंगणवाडी, शाळेचा व्हरांडा, कुठेही हे होतं.

हे आधीही झालेलं आहे

मुंबईत १९४४ साली होर्मसजी आणि जेरबाई वकील या पारशी दांपत्याने अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. त्यांच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता आणि तिला घेणारी शाळा नव्हती. आज ती शिवडीची जय वकील शाळा म्हणून ओळखली जाते. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी सुरू झाली. पुण्याचीच गौरी गाडगीळ डाऊन सिंड्रोम असूनही जलतरणपटू झाली. २०१४ च्या 'यलो' या मराठी चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. घरच्या मुलांना हा चित्रपट जरूर दाखवा.

नाचापुरतं बोलायचं तर अमेरिकेतल्या बोस्टन शहरात तिथली बॅले संस्था आणि लहान मुलांचं रुग्णालय यांनी मिळून २००२ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी नाचाचा वर्ग सुरू केला. तिथेही रीत हीच : शिकवणाऱ्याबरोबर फिजिओथेरपिस्टची नजर, आणि नाच मुलाच्या मापाचा. मुंबईत शामक दावर यांचं व्हिक्टरी आर्ट्स फाउंडेशन अपंग आणि गरीब मुलांना नाच शिकवतं. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या स्पेशल ऑलिम्पिक हिवाळी स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये इटलीतल्या ट्युरिन इथे पहिल्यांदाच नृत्य हा स्पर्धेचा प्रकार झाला. म्हणजे आपण अंगणात करतो ते काही वेडेपण नाही.

कुठे जायचं, काय मागायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहे. त्या दिवशी लेकराला घरी लपवू नका, पहिल्या ओळीत बसवा. तिथून जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात पाठवतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी याच कार्यक्रमात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सोय आहे. फिजिओथेरपीची महाविद्यालयं आपल्याच जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट इथे आहेत. एकदा तिथे दाखवून कोणत्या हालचाली चालतील ते विचारून या.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये बौद्धिक अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. ते असलं की एसटीची सवलत, निरामय विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा उपचार, आणि तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, या वाटा मोकळ्या होतात. कुणी "या मुलाला काय करायचंय कार्ड" म्हणालं तर कायद्याचं नाव घ्या आणि अर्जाची पोच मागा.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

इको झाला, थायरॉइडची गोळी सुरू झाली, कानातलं पाणी निघालं, आणि ती आठ महिने वर्गाला आली. जयंतीच्या आधी आम्ही मंडळाच्या पोरांशी बोललो. पहिली वीस मिनिटं डीजे बंद, फक्त ढोलकी, आणि ही लेकरं सगळ्यांत पुढे, एवढंच मागितलं. पोरांनी ऐकलं. आई पाण्याची बाटली घेऊन बाजूने चालत होती. विहारापासून कोपऱ्यापर्यंत ती नाचली आणि मग भर रस्त्यात बसली. मागून कुणीतरी ओरडलं, "चला पुढे." तिचा मोठा भाऊ वळून म्हणाला, "थांबा, तिचा दम जाऊ द्या." मिरवणूक दोन मिनिटं थांबली. मग ती उठली.

तुमच्या वस्तीत जयंतीला कोणाचं दार बंद असतं, ते तुम्हाला माहीत आहे. जयंतीची वाट पाहू नका. या रविवारी त्या घरी जाऊन चहा प्या, आणि आधी इको झाला आहे का ते विचारा.

जय भीम. नमो बुद्धाय.